पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं

"थांबव ते," गादी म्हणाला.

त्याच्या ओठांत बारीक खिळे धरलेले होते, त्यामुळे आवाज दबका आला. ड्रायव्हर बाईला वाटलं, तो रेक्झिनलाच काहीतरी बोलतोय. तिच्या बसचं सीट त्याच्या टेबलावर उलटं पडलं होतं. जुनं रेक्झिन सोलून झालं होतं, आतल्या फोमचा भुगा झाला होता, आणि वर आलेल्या एका स्प्रिंगबद्दल तिनं आल्याआल्या डेपोतल्या सगळ्यांचा उद्धार करून घेतला होता. आता सीट होईपर्यंत काम नाही म्हणून ती स्टुलावर बसून मोबाईलवर गाणी लावत होती. गाणी कसली, नुसता दणदणाट. शेजारच्या लेथवरच्या माणसानं दोनदा मान वळवून पाहिलं होतं.

गादीनं खिळे हातात घेतले आणि पुन्हा म्हणाला, "बंद कर ते, पोरी."

"आवडत नाही वाटतं काका तुम्हाला असलं?"

"आवडतं. म्हणूनच म्हणतोय."

हेवी मेटल ऐकते म्हणून तिला आजवर बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. कान किटले, डोकं उठलं, बाईच्या जातीला हे शोभतं का, सगळं झालं होतं. पण आवडतं म्हणून बंद कर, हे नवीनच होतं. ती गमतीनं त्याच्याकडे बघत राहिली आणि त्या नादात गाणं बंद करायचं राहून गेलं. गादीनंही पुन्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण ते चौथं गाणं होतं, त्याचं स्वतःचं गाणं, आणि गिटार सुरू झाली होती.

गादी हे काही त्याचं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं. पण बसच्या सीटांना रेक्झिन चढवायच्या कामाला तो लागला त्याच आठवड्यात मित्रांनी त्याला गादी करून टाकलं, आणि खरं नाव पगारावर सही करण्यापुरतं उरलं. ह्याच मित्रांपायी त्याला ते गाणं मिळालं होतं.

ते असं झालं. मित्रांच्या टोळक्यात बाटली नावाचा एक किडकिडीत इसम होता. त्याचा मामा बोटीवर नोकरीला. मामानं कुठल्याशा बंदरातून एक रेकॉर्ड आणली. काळं वेष्टन, त्यावर भट्टीचं अर्धवट उघडं दार, आत आठ गाणी. बाटलीनं ती टेप करून घेतली आणि एका रविवारी दुपारी सगळे ती ऐकायला डॉक्टरच्या घरी जमले. डॉक्टर हाही डॉक्टर नव्हे. तो इस्पितळात एक्स-रे काढायचा, पण अडकलेल्या टेपा उघडून, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून तो अशा काही जिवंत करायचा की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. टेपरेकॉर्डर त्याच्याचकडे होता.

आठ गाणी आणि नेमकी आठ माणसं. कुणीतरी म्हणालं, वाटून घेऊ. झालं, भावाभावांत जमिनीवरून होत नाहीत इतकी भांडणं त्या दुपारी गाण्यांवरून झाली. पहिलं डॉक्टरनं घेतलं, घर त्याचंच होतं. दुसरं, सगळ्यांत वेगवान, बाटलीनं बळकावलं. पाचवं संथ आणि लांबलचक, ते टपालनं घेतलं. तो पोस्टमन होता आणि चालत ऐकण्यासारखं तेच एक आहे असं त्याचं म्हणणं. शेवटी चौथं उरलं. ते कुणाला नको होतं, कारण ते मध्येच तुटायचं. गायक ओरडत ओरडत एका वाक्याशी यायचा, वाक्य अर्धं व्हायचं, आणि खट्. टेपची पहिली बाजू संपायची. गादी तेव्हा कोपऱ्यात बसून असायचा. बोलणं असं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याला विचारलंसुद्धा नाही, उरलेलं गाणं त्याच्या पदरात टाकलं.

मग नियम ठरले. वर्षातून एक रविवार, डॉक्टरच्या घरी. एक गाणं वाजलं की टेप थांबवायचा आणि ज्याचं गाणं त्यानं त्यावर बोलायचं. दुसऱ्यानं त्यात तोंड घालायचं नाही. माणूस आला नसेल तर तो जितका वेळ बोलला असता तितका वेळ गप्प बसायचं. आणि मधल्या काळात ती गाणी कुठेही, कशावरही ऐकायची नाहीत, म्हणजे त्या रविवारी ती ताजी लागतील.

पहिल्या रविवारी गादीची पाळी आली तेव्हा दोघंतिघं चहा आणायला उठत होते. गादी मान खाली घालून म्हणाला, बाकीची गाणी संपतात, हे मरतं. उठलेले खाली बसले. मग गादीनं त्यांना आपल्या बाबांचं सांगितलं. बाबा सकाळी बुटांना पॉलिश करत होते. एक बूट झाला होता. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ऐक रे, उद्या तू —" आणि तिथंच कलंडले. गेले ते. पुढे काय म्हणणार होते, कुणालाच कळलं नाही. मग जो तो ते वाक्य पुरं करायला लागला. काका म्हणाले, उद्या तू आईला जप असं म्हणणार असतील. मावशी म्हणाली, उद्या तू नोकरीचं बघ म्हणणार असतील, त्यांना तीच काळजी होती. आई तर रोज एक नवं वाक्य करायची आणि रडायची. गादीला त्या सगळ्यांचा राग यायचा. अरे, नाही पुरं झालं ना ते, मग राहू द्या की तसंच. आणि आता ह्या कुठल्या लांबच्या देशातल्या माणसांनी, ज्यांना बाबा माहीत नाहीत, बूट माहीत नाहीत, त्यांनी ते तसंच ठेवलं होतं. वाक्य अर्धं, आणि खट्. गादी म्हणाला, मला वाटलं मी एकटाच आहे, पण तसं नाही.

एवढं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्या दिवसापासून कोपऱ्यातल्या गादीला कोपरा उरला नाही.

तेव्हापासून तो वर्षभर ते बोलणं मनात घोळवायचा. पुढे आईही गेली, लग्न जमायचं ते राहून गेलं, दोन खोल्या आणि तो. डेपोत बोलणं म्हणजे निळं रेक्झिन संपलं, तपकिरी लावू का, एवढंच. घरी तर तेवढंही नाही. पण दरवर्षी एका रविवारी सात माणसं, नंतर पाच, नंतर तीन, त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. टाके घालताना, खिळे ठोकताना तो त्या बोलण्याला एखादं वाक्य जोडायचा, एखादं काढायचा. मधल्या काळात गाणं न ऐकण्याचा नियम त्यानं इमानानं पाळला होता. घरात टेप घेतला नाही, मोबाईल घेतला तोही बटणांचा. आणि आज ही बाई तेच गाणं भर डेपोत लावून बसली होती, आणि त्याच्या हातून नियम मोडत होता.

ते वाक्य आलं. दार उघडं ठेव, असं गायक ओरडला, दार उघडं ठेव, उद्या मी — आणि गादीनं सवयीनं श्वास धरला.

गाणं तुटलं नाही.

ड्रम थांबले, गिटार खाली आली, आणि इतका वेळ घसा फाडून ओरडणारा तो माणूस शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी सांगावं तसा साध्या आवाजात म्हणाला, उद्या मी उशिरा येईन. मग गिटार एकटीच बराच वेळ वाजत राहिली आणि हळूहळू कमी होत गेली.

"हे पुढचं कुणी चिकटवलं?" गादीनं विचारलं.

"चिकटवलं कुठे काका? गाणंच तसं आहे." तिनं सांगितलं की तिच्या भावाकडे जुनी रेकॉर्ड आहे, काळ्या वेष्टनाची, तिच्यातही हेच. पहिल्यापासून हेच.

त्यानं तिला ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. तिनं विचारलं, काय झालं काका, तर तो म्हणाला काही नाही, आमच्या टेपवर एवढं नव्हतं. ती हसून म्हणाली, मग बरंच झालं की, आता पूर्ण ऐकायला मिळालं. तिचं काही चुकलं नव्हतं. गादीनं सीट पुरं केलं आणि बघितलं तर रेक्झिनची शिवण चांगली बोटभर तिरकी गेली होती. नव्या पोरांच्या हातून असं व्हायचं तेव्हा तोच ओरडायचा. त्यानं सगळे खिळे उपसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

घरी गेल्यावर त्यानं नीट विचार केला, तेव्हा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. रेकॉर्डची बाजू लांब, बाटलीची टेप लहान. टेप संपली, गाणं कापलं गेलं. बस्. त्यात ना कुणाचं धाडस, ना कुणाला मरणाची समज. लांबच्या देशातल्या त्या माणसांनी आपलं वाक्य व्यवस्थित पुरं केलं होतं, काका आणि मावशीसारखंच. आणि एवढी वर्षं आपण कशावर बोलत होतो, तर एका संपलेल्या टेपवर. अंधारात बसून त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. ह्या गाण्यावर बोलायला आता त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरचा फोन आला. रविवार ठरला, आणि हा शेवटचा. डॉक्टर आणि वहिनी मुलीकडे चालले होते, कायमचे, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. वहिनींच्या गुडघ्यांना हे जिने झेपत नव्हते. घर विकलं होतं. डॉक्टरनं हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, तू ये म्हणजे झालं, तुझं ऐकल्याशिवाय काही मी सामान हलवत नाही.

गादी चार दिवस त्यावर कुढत बसला. नेहमीचं बोलावं तर ते धडधडीत खोटं, आणि तेही जगात जी दोन-तीन माणसं त्याचं ऐकतात त्यांच्याशी. खरं सांगावं तर शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या आनंदात माती कालवायची. बिचारे एवढी वर्षं आपल्यावर विश्वास ठेवून बसलेत. न जाण्याचाही विचार झाला. पण न जाऊन जायचं कुठे? शनिवारी रात्री त्यानं ठरवलं, सांगायचं. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

रविवारी दुपारी तो पोचला तेव्हा दारातच खोकी रचलेली होती. भिंतींवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. सोफा गेला होता, म्हणून गुंडाळलेल्या गाद्यांवर बसायची सोय केली होती, आणि त्यावरून टपालनं नेहमीसारखी चेष्टा करून घेतली की आज यजमान गादीच. टपाल आता काठी घेऊन चालायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुणाच्याही घराचा पत्ता विचारला की मजल्यासकट सांगायचा. आठांतले एवढे तिघं उरले होते. बाटली वारला होता, दोघंजण त्याच्याही आधी गेले, आणि बाकीचे जगात कुठे कुठे पांगले होते. चौथ्या म्हणजे वहिनी. तिसऱ्या गाण्याचा मालक परदेशी गेला आणि तिकडे मोठा साहेब झाल्यावर त्याला असल्या गाण्यांची लाज वाटायला लागली. त्यानं कळवलं की माझ्यासाठी गप्पबिप्प बसू नका. तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, मग ते मला द्या, इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेच आहे.

डॉक्टरनं टेप चालू केला. पहिलं गाणं ड्रमनं सुरू होतं, एकट्या ड्रमनं, आणि गिटार येता येत नाही. डॉक्टर दरवर्षी सांगायचा की माणसाला एवढं ताटकळत ठेवायला छाती लागते, ह्यांची ऐपत होती म्हणून त्यांनी ठेवलं. या वेळी त्यानं तेवढंच सांगितलं, खोक्यांकडे बघितलं आणि म्हणाला, बाकी तुम्हाला पाठच आहे. दुसरं बाटलीचं. ते धावतं, दम घेत नाही, आणि बाटली त्यावर गाण्याच्या दुप्पट वेळ बोलायचा, म्हणून सगळे खूप वेळ गप्प बसले. बाहेर कुणीतरी जिन्यावरून लोखंडी काहीतरी ओढत नेत होतं. तिसऱ्यानंतर वहिनींनी आपलं नेहमीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला त्यातलं कळत काही नाही, पण हा माणूस एवढा किंचाळतो आणि मध्ये एकदा हळूच खाकरतो. ते कुणी काढून टाकलं नाही. मला ते खाकरणं आवडतं, आपल्या घरातलं वाटतं.

आणि मग चौथं. गादीनं ते ऐकलं असं म्हणता येणार नाही. तो नुसता वाट बघत होता. दार उघडं ठेव, उद्या मी — खट्.

सगळे त्याच्याकडे वळले. वहिनींनी मांडीवर हात जुळवले.

"मला आज वेगळं सांगायचंय," गादी म्हणाला. "हे गाणं इथं तुटत नाही. आपली टेप संपली होती. पुढे अजून आहे ते. मी इतकी वर्षं तुम्हाला जे सांगत आलो त्यात काही अर्थ नव्हता."

एवढं बोलून त्यानं मान वर केली. त्याला वाटलं होतं, आता कल्ला होईल. काय सांगतोस, असं टपाल ओरडेल, डॉक्टर टेप काढून उलटसुलट बघेल. तसलं काहीच झालं नाही. टपाल डॉक्टरकडे बघत होता. वहिनी चहाचे कप गोळा करायला लागल्या होत्या, आणि त्यातले दोन अजून भरलेले होते.

डॉक्टरनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

खरं का, असं त्यानं विचारलं नव्हतं, हे गादीच्या लक्षात आलं.

मग डॉक्टरला सांगावंच लागलं. तो तुटक तुटक, खाली बघत सांगत होता. टेप अपुरी पडली हे बाटलीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यानंच तर ती केली होती. त्या पहिल्या रविवारी चौथं गाणं संपलं की तो सगळ्यांची माफी मागून हेच सांगणार होता. पण गादी आधी बोलला, बाबांचं आणि बुटांचं. बाटली उठलेला खाली बसला. घरी जाताना त्यानं बाकीच्यांना गाठून सांगितलं, आणि जिन्यातच सगळ्यांचं ठरलं की ह्याला कळू द्यायचं नाही. नियमाचं म्हणशील तर तो एकट्या गादीनंच पाळला. बाकी सगळ्यांनी महिन्याभरात रेकॉर्ड बाटलीकडे जाऊन पुरी ऐकली होती.

"पण टेप किती वेळा बदलली," गादी म्हणाला. "झिजली की तू नवी करायचास."

"करायचो ना. रेकॉर्डवरूनच करायचो. मोठी टेप मिळायची की नंतर." डॉक्टरनं अंगठा दाबून दाखवला. "तिथं आलं की मी बटण दाबायचो. दर वेळी. एकदा जरा उशीर झाला, पुढचा आवाज किंचित आला, तर बाटलीनं मला पुन्हा करायला लावली. म्हणाला, त्याच्या लक्षात येईल."

गादीला काय वाटत होतं ते एका शब्दात सांगता येण्यासारखं नव्हतं. आपल्यासाठी कुणी एवढं केलं ह्यानं भरून यावं, तर तोंडातून शिवी बाहेर यायला बघत होती.

"म्हणजे खेळवत होता तुम्ही मला."

"खेळवत नव्हतो रे," टपाल म्हणाला. "ऐकत होतो."

"तुम्ही दुसरंच गाणं ऐकत होता. हे मी एकटाच ऐकत होतो. इतकी वर्षं इथं तुमच्यामध्ये बसून, एकटाच."

ते खरंच होतं. टपालनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी ह्यांना एकदा म्हटलं होतं, सांगून टाका, मोठा माणूस आहे तो, समजून घेईल. हे म्हणाले, समजून घेईल गं, पण मग पुढच्या वर्षी येणार नाही."

गादी उठला. त्यानं पायात चपलाही सरकवल्या. दारातल्या खोक्यांमधून वाट काढताना त्याच्या डोळ्यांपुढे आपल्या दोन खोल्या आल्या, खिडकीशी ठेवलेली खुर्ची आली, आणि तिच्यावर बसून संध्याकाळपर्यंत काय करायचं ते काही येईना. मागून डॉक्टर म्हणाला, रेकॉर्ड मी अजून बांधली नाही. बाटली जाताना माझ्याकडे देऊन गेला होता. ऐकून तरी जा.

गादी तसाच उभा राहिला. मग चपला काढल्या आणि येऊन पुन्हा आपल्या जागी बसला.

डॉक्टरनं प्लेअर एका खोक्यातून पुन्हा बाहेर काढला, वायरी जोडल्या, सुई अंदाजानं चौथ्या गाण्यावर ठेवली. थोडं खरखरलं आणि गिटार सुरू झाली. आता आवाज भरून येत होता, टेपवर यायचा त्याहून कितीतरी मोठा, आणि खोली रिकामी असल्यानं जरा घुमत होता. ते वाक्य आलं. गादीनं या वेळी श्वास धरला नाही. उद्या मी उशिरा येईन, असं तो माणूस साधेपणानं म्हणाला, आणि गादीला एकदम वाटलं, बाबांचंही असंच काहीतरी असेल. उद्या तू दूध घेऊन ये. उद्या तू लवकर ऊठ, मला स्टेशनवर सोड. जन्मभर पुरावं असं त्यात काही नसेलही. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. गिटार एकटी वाजत राहिली, मग ती दूर गेली, मग नुसती सुईची खरखर उरली.

डॉक्टरनं सुई उचलली. गाणं संपलं होतं, तेव्हा आता ज्याचं गाणं त्यानं बोलायचं. कुणी त्याला खुणावलं नाही, कुणी घाई केली नाही. तिघंही त्याच्याकडे बघत बसले, नेहमी बसायचे तसेच.

गादीनं घसा साफ केला.

"हे गाणं मी आज पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला. "डेपोत एका पोरीच्या मोबाईलवर ऐकलं, ते काही ऐकणं नव्हे. एकदा ऐकून त्यावर काय बोलणार? मला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे." तो थांबला. "पुढच्या वर्षी बोलेन."

वहिनींनी मान खाली घातली. डॉक्टरनं दारातल्या खोक्यांकडे बघितलं, मग गादीकडे, आणि तेवढ्यात गादीला दिसलं की गेली सगळी वर्षं हे सगळे त्याच्याकडे कसे बघत आले असतील.

"बरं," डॉक्टर म्हणाला. "पुढच्या वर्षी."

मग त्यानं रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरून उलटी केली, आणि टपाल आपल्या गाण्यासाठी सावरून बसला.